न दिसणारा संपादक

काही वर्षांपूर्वी मी एका कन्नड कथेचा मराठी अनुवाद केला होता. एका छोट्या वेबझिनवर तो आला. संपादकांनी फोनवर तीन रात्री माझ्यासोबत बसून एकेक वाक्य घासून घेतलं होतं. ‘इथे क्रियापद आधी आण,’ ‘हा शब्द तुझा आहे, पात्राचा नाही,’ असं चाललेलं. शेवटी जो मजकूर तयार झाला तो माझ्या मूळ खर्ड्यापेक्षा कितीतरी चांगला होता. लिंक आली, मी ती दहा जणांना पाठवली, आणि विसरून गेले.

गेल्या वर्षी ती लिंक उघडली तर ‘हे डोमेन विकणे आहे’ अशी पाटी. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये शोधलं. तिथे त्या वेबझिनचं फक्त पहिलं पान जतन झालं होतं. माझ्या अनुवादाचं शीर्षक, पहिली पाच-सहा वाक्यं, मग तीन टिंबं. आणि त्याखाली लेखकाच्या जागी एकच शब्द : ‘अ‍ॅडमिन’.

मूळ लेखिका नाही, अनुवादक नाही. अ‍ॅडमिन. माझं नाव कथेच्या शेवटी कंसात होतं, आणि तो शेवट आता कुठेच नव्हता. माझ्याकडे उरला होता जुना खर्डा, त्या तीन रात्रींच्या आधीचा.

त्यामुळे या वर्षी आम्ही तिघांनी नवं वेबझिन काढायचं ठरवलं, आणि प्रोग्रॅमर मित्र म्हणाला, ‘सीएमएस काय, अर्ध्या तासात टाकून देतो,’ तेव्हा मी हट्टाला पेटले. म्हटलं, नाही. ज्या काळजीने आपण कथा वाचतो, त्याच काळजीने आधी हे वाचायचं. पुढे जे लिहिलंय ते त्या वाचनातून आलं. म्हणजे ही समीक्षाच आहे, फक्त पुस्तकाची नाही.

रकाना नसेल तर माणूस नाही

सीएमएस म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम. वेबसाइटच्या मागे बसलेलं सॉफ्टवेअर. तुम्ही एका फॉर्ममध्ये शीर्षक, मजकूर, चित्र भरता. ते डेटाबेसमध्ये साठवलं जातं. आणि कुणी लिंक उघडली की साच्यात ओतून पान तयार होतं. तुमच्या फोनवर दिसतं ते हे पान.

फॉर्म म्हटला की रकाने आले. आणि रकाने कुणीतरी ठरवलेले असतात. सरकारी कचेरीत ज्याला अनुभव आहे त्याला हे सांगायला नको : अर्जात ज्या गोष्टीला रकाना नाही, ती गोष्ट कचेरीच्या लेखी अस्तित्वातच नसते. सीएमएसचंही तसंच. कुठला मजकूर आधी दिसेल, कुणाचं नाव वर येईल, कविता कशी मोडेल, हे सगळं तुम्ही पहिलं अक्षर लिहिण्याआधी कुणीतरी ठरवून ठेवलंय. प्रत्येक सीएमएसमध्ये एक न दिसणारा संपादक बसलेला असतो. त्याची आवडनिवड असते. त्याच्याशी भांडता येतं, पण त्यासाठी तो आधी दिसायला हवा.

‘कोणता सीएमएस चांगला’ असे तुलनात्मक तक्ते मी भरपूर वाचले. वेग, किंमत, थीमची संख्या, सुरक्षितता. सगळं उपयोगाचं. पण ‘यात कविता जगेल का’ आणि ‘अनुवादकाचं नाव कुठे जाईल’ हे दोन प्रश्न मला एकाही तक्त्यात सापडले नाहीत.

वर्डप्रेस : ताजं ते वर

सुरुवात अर्थातच वर्डप्रेसपासून. जगातल्या दर पाच वेबसाइटींपैकी जवळपास दोन त्यावर चालतात. २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ‘बी-टू’ नावाच्या बंद पडत चाललेल्या ब्लॉग सॉफ्टवेअरची फांदी काढून ते उभं केलं. ही जन्मकथा महत्त्वाची आहे, कारण वर्डप्रेस कितीही मोठं झालं तरी त्याच्या हाडात ब्लॉग आहे. एक माणूस, त्याची रोजनिशी, सर्वांत ताजी नोंद सर्वांत वर.

आता मराठी वाचकाची सवय आठवा. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे साहित्य येतं ते अंकातून. अंकाला अनुक्रमणिका असते. पहिली कथा पहिली का, ही कविता त्या लेखाच्या शेजारी का, यामागे संपादकाचं डोकं असतं. वर्डप्रेसला मुळात ‘अंक’ माहीत नाही. त्याला ‘पोस्ट’ माहीत आहे आणि तारीख माहीत आहे. दहा मजकूर एकाच दिवशी चढवले तर जो शेवटी चढला तो वर बसतो. म्हणजे अनुक्रम ठरवणार कोण? घड्याळ.

आम्ही नमुन्याची साइट एका ज्येष्ठ संपादकांना दाखवली. त्यांनी एके काळी अनियतकालिक चालवलेलं. स्टेन्सिल कापून, सायक्लोस्टाइल करून, हाताने टाचून. त्यांनी माझा फोन हातात घेतला, बोटाने पान खाली-खाली सरकवत राहिले आणि म्हणाले, ‘हे छान आहे गं, पण हे संपतं कुठे?’

मी म्हटलं, ‘सर, हे संपत नाही. खाली अजून येत राहतं.’

‘मग हा अंक नाही. हा नळ आहे.’

तो शब्द डोक्यातून गेला नाही.

दुसरा मुद्दा नावाचा. वर्डप्रेसच्या मूळ रचनेत प्रत्येक पोस्टला लेखक एकच, आणि तो लेखक म्हणजे साइटवर खातं असलेला माणूस. पाहुण्या लेखिकेचं खातं कोण काढत बसणार? मग सगळं एकाच खात्यावरून चढतं. एकाहून अधिक नावं देण्यासाठी प्लगिन आहेत, वेगळे रकाने जोडण्याचीही सोय आहे. अडचण सोयीची नाही, आळसाची आहे. काहीच केलं नाही तर जे होतं, तेच बहुतेक ठिकाणी होतं. आणि काहीच केलं नाही तर अनुवादक गायब होतो.

तिसरा मुद्दा गमतीचा, पण आपल्याच लिपीचा. वर्डप्रेस शीर्षकावरून लिंक बनवतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह लिंकमध्ये जाताना टक्क्याची खूण, इंग्रजी अक्षरं आणि आकडे अशा ९ जागा खातं. मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. आणि या लिंकेला मर्यादा आहे २०० जागांची. ‘मराठी कवितेतला काळा विनोद’ हे शीर्षक घ्या. चिन्हं २२, म्हणजे १९८ जागा, त्यात शब्दांमधल्या ३ रेघा मिळवा, झाल्या २०१. एक जागा जास्त. त्यामुळे लिंकमध्ये शेवटचा ‘द’ गळतो आणि उरतो ‘काळा विनो’. इंग्रजीत याच लांबीच्या शीर्षकाला तीस जागाही लागत नाहीत. पानावरचं शीर्षक शाबूत राहतं, लिंकही चालते. पण मर्यादा ठरवताना कुणाची लिपी डोळ्यासमोर होती हे कळतं. उपाय साधा : दर वेळी छोटी रोमन लिंक हाताने लिहायची.

चौथा मुद्दा कवितेचा. २०१८च्या डिसेंबरमध्ये वर्डप्रेसमध्ये ‘ब्लॉक’वाला नवा एडिटर आला. साध्या परिच्छेदात एंटर मारलं की नवा परिच्छेद सुरू होतो. ओळ मोडायची तर शिफ्ट धरून एंटर. फोनच्या कीबोर्डवर ते जमवणं कठीण. त्यामुळे फोनवरून चढवलेल्या कवितेत प्रत्येक ओळ सुटी-सुटी, दोन कडव्यांमधली जागा आणि दोन ओळींमधली जागा सारखीच. कडवं नावाची गोष्टच उरत नाही. याला उत्तर म्हणून ‘व्हर्स’ नावाचा खास ब्लॉक आहे, आणि त्यात एंटर मारलं की ओळच मोडते. तो बनवणाऱ्यांनी कवितेचा विचार केला हे मान्य करायलाच हवं. पण तो ज्या एचटीएमएल खुणेवर उभा आहे ती संगणकाचा कोड दाखवायलाही वापरतात, म्हणून काही थीममध्ये कविता टाइपरायटरच्या अक्षरात, करड्या चौकटीत बसलेली दिसते. थीम निवडताना म्हणूनच मुखपृष्ठाचा डौल पाहण्याआधी त्यात एक बारा ओळींची कविता टाकून पाहावी.

ड्रुपल : रकानेच रकाने

मराठी आंतरजालाला ड्रुपल नवीन नाही. मायबोली, मिसळपाव, ऐसी अक्षरे यांच्या लिंकांमध्ये ‘नोड’ आणि पुढे आकडा तुम्ही पाहिला असेल. ती ड्रुपलची खूण. वर शीर्षकाच्या लिंकची कथा सांगितली, तिच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. रूक्ष आहे, पण गळत नाही. ‘द’ गमावायची भीती नाही.

ड्रुपलची सुरुवात ड्रीस बाउतार्ट यांनी अँटवर्पमध्ये विद्यार्थी असताना केली. २००१मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. सुरुवातीचं रूप होतं वसतिगृहातल्या मित्रांसाठीचा निरोपफलक. म्हणूनच अनेकांनी मिळून बोलणं हा त्याचा पिंड. आणि त्याचं खरं सामर्थ्य रकान्यांत आहे. ‘अनुवादित कथा’ असा वेगळा प्रकार बनवा. त्याला मूळ लेखक, मूळ भाषा, अनुवादक, चित्रकार असे रकाने द्या. अनुवादकाचा रकाना सक्तीचा करा, म्हणजे तो रिकामा ठेवून मजकूर पुढे जाणारच नाही. हे वाचून मला काय वाटलं असेल याची कल्पना करा. इथे माझ्यासाठी जागा होती!

पण समीक्षकाने प्रेमात पडल्यावर पुन्हा एकदा वाचावं. ड्रुपलची सातवी आवृत्ती जानेवारी २०११मध्ये आली आणि जानेवारी २०२५मध्ये तिचा अधिकृत आधार संपला. चौदा वर्षं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या हिशोबात दीर्घायुष्य. मात्र सातव्यावरून आठव्यावर जाणं म्हणजे घराला रंग देणं नव्हतं, घर बदलणं होतं. सामान बांधा, नव्या घरात लावा, जुन्या घरातल्या काही गोष्टी तिथे बसतच नाहीत. हे करायला जाणकार माणूस आणि वेळ लागतो. मोठ्या संस्थेला परवडतं. नोकऱ्या सांभाळून रात्री अकरानंतर काम करणाऱ्या तिघांना?

घोस्ट, ह्युगो आणि एक अनपेक्षित पाहुणा

घोस्ट २०१३ साली आलं, ते वर्डप्रेसच्याच कामातून बाहेर पडलेल्या जॉन ओनोलन यांच्या कल्पनेतून आणि लोकवर्गणीतून. लिहिणाऱ्याला ते पहिल्या भेटीतच आवडतं. पान कोरं, शांत. एका मजकुराला अनेक लेखक देता येतात. पण त्याच्या संपादकाचंही एक मत आहे : वाचक म्हणजे ईमेल पत्ता. न्यूजलेटर आणि वर्गणीदार हा त्याचा कणा. माझ्या ओळखीतले विशीतले वाचक ईमेल उघडतात ते ओटीपी आणि नोकरीच्या उत्तरासाठी. कथा त्यांच्यापर्यंत पोचते व्हॉट्सअ‍ॅपवर, कुणीतरी ‘वाच’ एवढंच लिहून पाठवलेली. उद्या हे बदलेलही. पण आज घोस्टचा वाचक आणि आमचा वाचक यांची अजून ओळख व्हायची आहे.

प्रोग्रॅमर मित्राचा जीव होता ह्युगोवर. इथे डेटाबेसच नाही. प्रत्येक कथा म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल; सॉफ्टवेअर त्या फाइलींची पानं बनवून ठेवतं. फोडायला काही नाही, होस्टिंगचा खर्च नगण्य, पान झटकन उघडतं. आणि वीस वर्षांनी ह्युगो नसलं तरी फाइल कुठल्याही संगणकावर उघडेल. मूल्यमापनात हे सर्वांत वर ठेवावं असं मलाही वाटलं.

मग चित्रकार मैत्रिणीने विचारलं, ‘मला एक वेलांटी दुरुस्त करायची असेल तर?’

‘मला सांग, मी करतो.’

‘आणि तू नसशील तेव्हा?’

तो गप्प झाला. माझा अनुवाद ज्या वेबझिनवर होता ते का गेलं, हे मी नंतर शोधून काढलं होतं. भांडण नाही, पैशांची चणचण नाही. डोमेनच्या नूतनीकरणाची ईमेल एकाच माणसाच्या जुन्या पत्त्यावर जात होती, आणि तो माणूस आता तो पत्ता उघडत नव्हता. बस. सगळ्या किल्ल्या एकाच्या कमरेला, आणि तो परगावी. ह्युगोच्या साधेपणात हा धोका दडलेला आहे : फाइल साधी, पण ती चढवण्याची वाट एकालाच ठाऊक.

अनपेक्षित पाहुणा म्हणजे ओपन जर्नल सिस्टीम्स, म्हणजे ओजेएस. संशोधन-नियतकालिकांसाठी कॅनडातल्या विद्यापीठीय वर्तुळात तयार झालेलं हे सॉफ्टवेअर. मी पाहिलेल्यांत हे एकटंच असं होतं ज्याला ‘अंक’ जन्मतःच कळतो : खंड, क्रमांक, अनुक्रमणिका सगळं आहे. सर असते तर म्हणाले असते, ‘हं, हे संपतं.’ पण त्याची वाट परीक्षकांच्या अहवालांमधून जाते, आणि पान दिसतं प्रबंधासारखं. त्यात कथा टाकणं म्हणजे लग्नाचं जेवण स्टीलच्या डब्यातून वाढणं. पोट भरेल, पण पंगत होणार नाही.

आत जायची वाट सगळेच दाखवतात

इतकं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या टोकाकडून वाचत होते. मजकूर आत कसा जातो, आत कसा दिसतो, हे पाहत होते. माझ्या अनुवादाचं जे झालं ते आत जाताना झालं नव्हतं. तो बाहेर येऊ शकला नाही, म्हणून गेला.

म्हणून सगळ्यांना एकच प्रश्न विचारला : उद्या हे दुकान बंद झालं तर मजकूर शाबूत बाहेर येईल का?

वर्डप्रेस सगळ्या मजकुराची एक एक्सएमएल फाइल काढून देतं. ही चांगली गोष्ट. पण त्या फाइलीत चित्रं नसतात, चित्रांचे पत्ते असतात. नव्या साइटवर फाइल चढवताना चित्रं जुन्या साइटवरून ओढून आणली जातात. जुनी साइट आधीच बंद झालेली असेल तर हातात राहतात रिकामे पत्ते. म्हणजे चित्रांचं फोल्डर वेगळं उतरवलं नसेल तर चित्रकार मैत्रिणीचं काम गेलं. पान सजवण्यासाठी जे पेज बिल्डर वापरतात त्यांतले काही आपल्या खुणा मजकुरातच पेरून ठेवतात. ते काढून टाकले की कथेच्या मधोमध चौकटी कंसातले संकेत उघडे पडतात. घोस्टही मजकुराची फाइल देतं, चित्रं वेगळी घ्यावी लागतात. ह्युगोत प्रश्नच नाही, मजकूर आधीपासून बाहेरच असतो.

मराठीला हा धडा एकदा मिळालेला आहे. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरी होती. तरी पुढची कित्येक वर्षं आपल्या अनेक वेबसाइट स्वतःच्या खास फॉन्टवर चालल्या. पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत साठवलेली असायची भलतीच रोमन अक्षरं. फॉन्ट गेला आणि मजकूर असून नसल्यासारखा झाला. दिसण्यावर भाळून असण्याकडे दुर्लक्ष केलं, त्याची ती किंमत.

आम्ही काय ठरवलं

शेवटी आम्ही वर्डप्रेस घेतलं. एवढ्या टीकेनंतर हे वाचून हसू येईल, पण कारण सोपं आहे : तिघांनाही ते चालवता येतं, आणि उद्या चौथी आली तर तिलाही येईल. न दिसणाऱ्या संपादकाचे दोष आता माहीत झालेत, म्हणून त्याच्याशी करार करता आला.

‘अंक’ नावाचं स्वतंत्र वर्गीकरण केलं, आणि अंकाच्या पानावर क्रम आम्ही हाताने लावतो. तळाशी ‘अंक समाप्त’ असं लिहिलेलं असतं, सरांसाठी. अनुवादक आणि चित्रकार यांचे वेगळे रकाने केले, आणि ती नावं शीर्षकाच्या खालीच दिसतात, शेवटी कंसात नाही. पेज बिल्डर नाही. साइटची भाषा ‘मराठी’ ठेवली. ज्यांना डॅशबोर्ड इंग्रजीत हवा त्यांनी आपल्या खात्यापुरता तो बदलला. साइटने ‘मी मराठी आहे’ असं ब्राउझरला सांगितलं, तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात, हिंदी वळणाचे नाही. डोमेनची ईमेल तिघांच्याही पत्त्यावर येते. आणि प्रत्येक अंकानंतर एक्सएमएल, चित्रांचं फोल्डर आणि प्रत्येक मजकुराची एक साधी फाइल तिघांच्या संगणकांवर उतरवायची. ही शेवटची अट प्रोग्रॅमर मित्राची. त्याच्या ह्युगोचा आत्मा त्यात आहे असं तो म्हणतो.

हे सगळं करून साइट टिकेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. सायक्लोस्टाइलची शाईही फिकी पडायचीच. पण तेव्हा कुणाच्या तरी ट्रंकेत एक प्रत सापडायची. आपल्या वेबसाइटला ट्रंक नसते. ती आपण करावी लागते.

पहिल्या अंकासाठी मी तो जुना खर्डा काढला. त्या संपादकांना फोन केला. त्यांनाही ती वाक्यं आठवत नव्हती. मग आम्ही पुन्हा बसलो. या वेळी दोनच रात्री लागल्या. काही जागा पूर्वीसारख्या जमल्या असाव्यात, काही नक्कीच नाहीत. तुलना करायला पहिला मजकूर नाही. पान तयार झालं तेव्हा मी आधी शीर्षकाखाली पाहिलं. मूळ लेखिका, मग अनुवादक, मग चित्रकार. तीन रकाने, तिन्ही भरलेले.

मग ती फाइल तिघांच्या संगणकांवर उतरवली, आणि मगच लिंक पाठवली.